भिंतीवरचा मासा कोणाला दिसत नाही?

मॉलमध्ये किंवा विज्ञान प्रदर्शनात कधीकधी भिंतभर ठिपक्यांचे रंगीत चित्र लावलेले असते. पहिल्या नजरेत ती नुसती विस्कटलेली रांगोळी वाटते. थोडा वेळ टक लावून पाहिल्यावर ताई ओरडते, "अरे, मासा!" मग बाबांनाही तो दिसतो. सहा वर्षांचा धाकटा मात्र डोळे बारीक करून पाहतच राहतो आणि शेवटी "हो, दिसला" असे खोटेच सांगून मोकळा होतो. सगळे हसत पुढे जातात. पण खरे तर इथे थोडे थांबायला हवे. न दिसण्याचे कारण कधी चित्रात असते, तर कधी डोळ्यात.

या चित्राला स्टिरिओग्राम म्हणतात. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये सुमारे ६ ते ६.५ सेंटीमीटर अंतर असते. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळे दृश्य दिसते आणि त्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये हे दाखवून दिले. बेला युलेश यांनी १९५९ मध्ये नुसत्या ठिपक्यांतूनही असा आकार दिसतो हे सिद्ध केले. पुढे १९७९ मध्ये ख्रिस्तोफर टायलर यांनी ही किमया एकाच चित्रात बसवली. त्यात एकच नक्षी आडव्या ओळीत पुन्हा पुन्हा येते. नजर चित्राच्या पलीकडे सोडली की डावा डोळा एका नक्षीवर आणि उजवा डोळा तिच्या शेजारच्या नक्षीवर स्थिरावतो. मेंदू त्या दोन्हींना एकच समजतो. नक्षींमधले अंतर जिथे मुद्दाम कमी-जास्त केलेले असते, तिथे आकार वर आलेला किंवा आत गेलेला दिसतो.

मोठे चित्र, मोठी अडचण

पुस्तकातले चित्र भिंतीएवढे केले की नक्षींमधले अंतरही त्याच प्रमाणात वाढते. ते बाहुल्यांमधल्या अंतराहून जास्त झाले, तर दोन शेजारच्या नक्षींवर नजर लावण्यासाठी डोळे बाहेरच्या बाजूला वळवावे लागतील. डोळ्यांना ते जवळजवळ जमत नाही. कितीही मागे सरकले तरी हा नियम बदलत नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या बाहुल्यांमधले अंतर पाच सेंटीमीटरच्या आसपास असते. म्हणजे सहा सेंटीमीटरची नक्षी बाबांना साधेल, पण मुलाला कठीण जाईल. त्यात त्याची चूक काहीच नाही.

याउलट चित्र मोठे पण नक्षी चार-पाच सेंटीमीटरची असेल, तर दोन-तीन मीटरवरून ते पुस्तकापेक्षाही सोपे जाते. लांब पाहताना डोळे आधीच सैल आणि जवळजवळ समांतर असतात. नक्षी फार मोठी असेल तर चित्राचा मोबाइलवर फोटो काढून तो हातभर अंतरावर धरावा. नक्षी लहान होते आणि मासा दिसू शकतो. दुसरा उपाय म्हणजे डोळे आणि भिंत यांच्यामध्ये बोट धरून बोटाकडे पाहणे. नक्षी पन्नास सेंटीमीटरची आणि भिंत पाच मीटरवर असेल, तर बोट साधारण ५७ सेंटीमीटरवर यावे लागते. मात्र यात आकार उलटा होतो. फुगीर मासा खड्ड्यासारखा दिसतो. मान तिरकी केली तरी चित्र हरवते, कारण नक्षी आडवी मांडलेली असते.

कधी सावध व्हावे?

चांगली दृष्टी असलेल्या अनेकांनाही नजर अशी सैल सोडण्याची हातोटी साधत नाही. त्यामुळे मासा दिसला नाही म्हणजे आजार आहे, असे मुळीच नाही. पण तो दिसण्यासाठी दोन्ही डोळ्यांनी एकत्र काम करावेच लागते. तिरळेपणा असेल किंवा एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असेल, तर मेंदू एका डोळ्याचे चित्र बाजूला सारू लागतो. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. शंभरातल्या दोन-तीन मुलांत तो आढळतो. मूल तक्रार करत नाही, कारण चांगला डोळा सगळे सांभाळून घेतो.

घरी एक साधी गोष्ट करून पाहावी. मुलाचा एकेक डोळा हाताने झाकून समोरचे कॅलेंडर वाचायला किंवा त्यातली चित्रे ओळखायला सांगावे. एक डोळा झाकल्यावर मूल कुरकुरत असेल किंवा हात बाजूला ढकलत असेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. डोळा तिरका दिसत असेल, मूल मान वाकडी करून पाहत असेल, तरीही थांबू नये. नेत्रतज्ज्ञ खोलीच्या दृष्टीसाठी ठिपक्यांच्याच चित्रांच्या चाचण्या वापरतात. योग्य चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक वेळ पट्टी, हे मुख्य उपचार. सात-आठ वर्षांच्या आत सुरू केल्यास त्यांचा गुण सर्वांत चांगला येतो.

उशीर झाला तरी आशा पूर्ण संपत नाही. लहानपणापासून तिरळेपणा असलेल्या अमेरिकी शास्त्रज्ञ सुझन बॅरी यांना वयाच्या ४८ व्या वर्षी, व्यायामांनंतर, खोली दिसू लागली. पण अशी उदाहरणे थोडी.

म्हणून पुढच्या वेळी भिंतीपुढे धाकटा गप्प झाला, तर त्याला हसू नये. "तुला काय दिसतंय?" असे शांतपणे विचारावे आणि घरी आल्यावर एकेक डोळा झाकून पाहावा.