खिशातली विजेरी : निवडीचे तारतम्य

शेतीपंपाची वीज जेथे रात्री येते, तेथे उसाला पाणी देण्यासाठी शेतकऱ्याला काळोखातच बांधावर उतरावे लागते. मण्यार रात्रीच हिंडते. घोणस पाचोळ्यात निपचित पडून असते. कोकण-गोव्याच्या जांभ्या सड्यांवर फुरसे मातीच्या रंगात मिसळून बसलेले असते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. त्यांतील सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले होते. पायापुढची दोन पावले दिसणे, या साध्या गोष्टीचे मोल एवढे मोठे आहे. म्हणूनच खिशात मावणारी विजेरी कोणती घ्यावी, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

जुन्या विजेरीत काचेचा बल्ब असे. त्यातील तार तापून प्रकाश देई आणि सेलमधील बहुतेक शक्ती उष्णतेत वाया जाई. एलईडीने हे चित्र पालटले. अकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांनी निळा प्रकाश देणारी कार्यक्षम एलईडी साध्य केली. त्याबद्दल त्यांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा थर दिला, की दोहोंच्या मिश्रणातून पांढरा उजेड मिळतो. तुटणारी तार नाही, आणि तेवढ्याच शक्तीत जुन्या बल्बच्या कितीतरी पट प्रकाश, असा हा दुहेरी लाभ आहे.

परंतु या लाभाबरोबर आकड्यांचा मोहही आला. वेष्टणावर ठळकपणे छापलेले ‘ल्यूमेन’ म्हणजे विजेरीतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो प्रकाश एका दिशेला किती एकवटला आहे, हे ‘कँडेला’ या मापाने कळते. नळाच्या तोंडातून एकूण पाणी किती आले ही एक गोष्ट, आणि त्याची धार किती जोराची ही दुसरी. विजेऱ्यांची मापे देण्यासाठी २००९ साली अमेरिकेत एक मानक ठरले. त्यानुसार, पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे पाव लक्स उजेड जेथवर पोहोचतो, ते झोताचे अंतर. हे अंतर दुप्पट करावयाचे तर झोताची तीव्रता चौपट करावी लागते. विजेरी चालण्याचा अवधी मात्र आरंभीच्या प्रकाशाचा दहावा हिस्सा उरेपर्यंत मोजतात. त्यामुळे ‘१००० ल्यूमेन, ३ तास’ असे वाचून तीन तास लख्ख उजेड मिळेल, असे समजणे चूक ठरते. एवढीशी विजेरी काही मिनिटांतच तापते आणि आपला प्रकाश आपणच कमी करते. पूर्ण तेज हे अल्पकाळचे. खरा संसार मंद उजेडावरच चालतो.

छोट्या विजेऱ्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला, रिमोटमध्ये बसतो तसल्या बारीक, म्हणजे एएए सेलवर चालणारा. ही विजेरी किल्ल्यांच्या जुडग्यात सहज मावते आणि कुलूप उघडणे, जिना उतरणे एवढ्यास पुरते. दुसरा वर्ग एका पेन्सिल सेलचा, म्हणजे एए आकाराचा. या सेलमध्ये बारीक सेलच्या दुपटीहून अधिक शक्ती असते आणि तो गावच्या लहानशा दुकानातही मिळतो. तिसरा लिथियम-आयन सेलचा. १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा ‘१८६५०’ सेल, पुन्हा भरता येणाऱ्या एका पेन्सिल सेलच्या सुमारे चौपट शक्ती साठवितो आणि पुष्कळशा विजेऱ्यांत तो मोबाइलच्या चार्जरवरच भरता येतो. मात्र वीज दोन दिवस गेली, तर असा सेल भरावा कोठे, हा प्रश्न उरतोच.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पेन्सिल सेलच्याच आकाराचा ‘१४५००’ नावाचा लिथियम सेल बाजारात मिळतो. त्याचा दाब दीड व्होल्टचा नसून ३.७ व्होल्टचा असतो. विजेरी त्यासाठी बनविलेली नसेल, तर आतील मंडल जळू शकते. तसेच अल्कलाइन सेल महिनोन्‌महिने आत पडून राहिला, तर त्यातून क्षार पाझरतो आणि ऐन गरजेच्या वेळी विजेरी मुकी होते. क्वचित लागणाऱ्या विजेरीतील सेल काढून ठेवावा, हे उत्तम.

उजेडाचा रंगही दुर्लक्षिण्याजोगा नाही. अतिशुभ्र, निळसर प्रकाश डोळ्यांना प्रखर भासतो. पण त्यात तपकिरी छटांमधील भेद पुसट होतात. वाळके पान आणि फुरसे यांतील फरक ओळखावयाचा असेल, तर किंचित पिवळसर, रंग यथातथ्य दाखविणारा उजेड अधिक उपयोगी पडतो. शिवाय काळोखाला सरावलेली नजर झगझगाटाने क्षणात बिघडते आणि पूर्ववत होण्यास वीस-तीस मिनिटे घेते. वाट चालण्यास वीस ते पन्नास ल्यूमेनचा पसरट झोत पुरेसा असतो. म्हणून पहिल्याच दाबाला मंद उजेड देणारी विजेरी शहाणी समजावी. पावसात वावरणाऱ्याने वेष्टणावर ‘आयपीएक्स ७’ ही खूण पाहावी; एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही विजेरी टिकते, असा तिचा अर्थ आहे.

मोबाइलमध्ये दिवा असता वेगळी विजेरी कशाला, अशी शंका निघेल. परंतु मोबाइलचा झोत दूर जात नाही, ओल्या हाताने तो नीट धरता येत नाही. आणि संकटात मदतीला हाक मारण्याचे साधन उजेडापायी रिते करणे हा उलटा हिशेब होय.

तात्पर्य, दुकानात आकड्यांची बेरीज करण्यापेक्षा चार गोष्टी पडताळाव्यात : मंद उजेड किती तास टिकतो, सेल गावात मिळतो काय, कळ अंधारात बोटाला सापडते काय, आणि विजेरी सदैव खिशात राहील इतकी हलकी आहे काय. घरी कपाटात ठेवलेल्या हजार ल्यूमेनपेक्षा बांधावर हाताशी असलेले तीस ल्यूमेनच माणसाचे पाऊल राखतात.