ठोशांनी कमावलं, गमावलं आणि हसऱ्या चेहऱ्याने परत मिळवलं: जॉर्ज फोरमनची गोष्ट

मोहम्मद अलीचं नाव ऐकलं नाही असं घर सापडणं कठीण. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी आफ्रिकेतल्या किन्शासा शहरात अलीने ज्याला आठव्या फेरीत खाली पाडलं, तो तेव्हाचा जगज्जेता म्हणजे जॉर्ज फोरमन. त्या एका लढतीसाठी दोघांनाही प्रत्येकी ५० लाख डॉलर ठरले होते, म्हणजे त्या काळच्या दराने सुमारे चार कोटी रुपये! १९७४ सालचे चार कोटी किती होतात, ते घरातल्या आजी-आजोबांना विचारून पाहा.

जवळपास दहा वर्षांनी याच माणसाचे पैसे संपत आले होते. आणि त्यानंतर त्याने जे कमावलं, ते बॉक्सिंगमधल्या आयुष्यभराच्या कमाईपेक्षाही जास्त होतं. हे कसं घडलं?

गल्लीतला दांडगट मुलगा

फोरमनचा जन्म १० जानेवारी १९४९ चा, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातला. तो वाढला ह्यूस्टन शहरातल्या फिफ्थ वॉर्ड या गरीब वस्तीत. घरात भावंडं बरीच आणि खायला कमी. शाळा अर्धवट सुटली आणि मारामाऱ्या, लूटमार सुरू झाली. गरीब मुलांना काम शिकवणाऱ्या ‘जॉब कॉर्प्स’ या सरकारी योजनेत तो गेला आणि तिथे डॉक ब्रॉडस नावाच्या प्रशिक्षकाने त्याच्या हातात ग्लोव्हज दिले.

त्यानंतर जेमतेम दोन वर्षांत, १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये तो सुवर्णपदक घेऊन उभा होता. २२ जानेवारी १९७३ रोजी त्याने जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं आणि तो हेवीवेट जगज्जेता झाला. तेव्हा त्याचं वय होतं २४.

तो फोरमन कुणालाच फारसा आवडायचा नाही. कपाळावर आठ्या, बोलणं तुटक, पत्रकारांशी वागणं फटकळ. लोक त्याला घाबरायचे. हे लक्षात ठेवा, पुढे याचं काम आहे.

पैसा आला तसा गेला

अलीकडून हरल्यावर त्याचा आत्मविश्वास हलला. मार्च १९७७ मध्ये पोर्टो रिकोमध्ये जिमी यंगने त्याला हरवलं. त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये आपण मरणाच्या दारातून परत आलो, असा अनुभव त्याला आला. त्याने बॉक्सिंग सोडलं आणि तो ह्यूस्टनमध्ये धर्मोपदेशक झाला. पुढची दहा वर्षं तो रिंगमध्ये उतरला नाही.

ही दहा वर्षं पैशाच्या बाजूने महागात पडली. मोठी कमाई थांबली, पण खर्च थांबला नाही. लग्नं मोडली. दुसऱ्यांच्या भरवशावर केलेल्या गुंतवणुकी बुडाल्या. १९८४ मध्ये त्याने वस्तीतल्या मुलांसाठी स्वतःच्या पैशातून युवा केंद्र सुरू केलं, तेही चालवायचं होतं. आपण बेघर होण्याच्या अगदी जवळ पोहोचलो होतो, असं त्याने पुढे मुलाखतीत सांगितलं.

हेवीवेट बॉक्सिंगमध्ये हे नवीन नव्हतं. १९३७ ते १९४९ इतका काळ जगज्जेता राहिलेला जो लुईस करांच्या थकबाकीत बुडाला आणि शेवटी लास वेगासच्या एका कॅसिनोत पाहुण्यांचं स्वागत करण्याची नोकरी करत होता. फोरमननंतरच्या पिढीतल्या माइक टायसनने तर ३० कोटी डॉलरहून जास्त कमावले आणि २००३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

आपल्या भगवान दादांना आठवा

एवढं लांब जायचीही गरज नाही. गणपतीच्या मिरवणुकीत दोन्ही हात हलवत, कंबर किंचित लचकवत नाचणारे काका पाहिलेत ना? ती स्टाईल भगवान दादांची. गिरणी कामगाराचा हा मुलगा, पूर्ण नाव भगवान आबाजी पालव. व्यायामाचा आणि कुस्तीचा शौक, त्यामुळे सुरुवातीला मारामारीचे स्टंटपट केले. १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक, सगळं तेच होते. चित्रपट तुफान चालला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला वेगळी गाडी, असं त्यांच्या वैभवाचं वर्णन आजही केलं जातं.

पुढचे चित्रपट पडले, हातचा पैसा त्यातच गेला. बंगला गेला, गाड्या गेल्या. भगवान दादा दादरच्या चाळीत परतले आणि मिळतील त्या छोट्या भूमिका करत राहिले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

भगवान दादांच्या कष्टात काही कमी नव्हती. म्हणूनच ‘मेहनत करा, सगळं परत मिळतं’ हे वाक्य ऐकायला गोड असलं तरी पूर्ण खरं नाही. मग फोरमनच्या बाबतीत वेगळं काय घडलं?

आजोबा शोभेल असा बॉक्सर

१९८७ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी फोरमनने परतण्याची घोषणा केली. वजन १३५ किलोच्या पुढे गेलेलं आणि डोक्याचा तुळतुळीत गोटा. युवा केंद्रासाठी लोकांपुढे हात पसरायची त्याला लाज वाटत होती, आणि पैसे मिळवायचा एकच मार्ग त्याला येत होता.

लोक हसले. हा थट्टेचा विषय आहे, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. फोरमनने काय केलं? तोही त्यांच्याबरोबर हसला! स्वतःच्या पोटावर आणि चीजबर्गरच्या आवडीवर तोच विनोद करू लागला. दहा वर्षं प्रवचनं देऊन, वस्तीतल्या पोरांमध्ये राहून त्याचा स्वभावच बदलला होता. आठ्या गेल्या होत्या आणि चेहऱ्यावर मोकळं हसू आलं होतं.

सुरुवातीला त्याने छोट्या गावांत, फारशा नावाजलेल्या नसलेल्या खेळाडूंशी लढती केल्या. पायरी पायरीने वर चढत एप्रिल १९९१ मध्ये तो जगज्जेत्या इव्हँडर होलिफील्डसमोर उभा राहिला. बारा फेऱ्या टिकला. गुणांवर हरला, पण लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

५ नोव्हेंबर १९९४, लास वेगास. समोर २६ वर्षांचा जगज्जेता मायकेल मूरर. फोरमनचं वय ४५. अंगात तीच लाल शॉर्ट्स, जी वीस वर्षांपूर्वी किन्शासात हरताना घातली होती. कोपऱ्यात मार्गदर्शनाला अँजेलो डंडी, जो किन्शासात अलीच्या कोपऱ्यात होता! नऊ फेऱ्या फोरमन मार खात होता आणि गुणांमध्ये मागे होता. दहाव्या फेरीत त्याचा उजवा हात मूररच्या हनुवटीवर बसला आणि मूरर उठलाच नाही. फोरमन हेवीवेटच्या इतिहासातला सर्वात वयस्कर जगज्जेता ठरला.

खरी कमाई स्वयंपाकघरातून

त्याच सुमारास त्याच्याकडे एक छोटं यंत्र आलं होतं. आपल्या सँडविच टोस्टरसारखं, दोन तव्यांच्या मध्ये मांस भाजणारं, पण उतरतं, म्हणजे चरबी वितळून खालच्या ट्रेमध्ये पडावी. त्याला ‘चेहरा’ हवा होता. फोरमनने आधी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. त्याच्या बायकोने, मेरीने ते वापरून पाहिलं आणि हे चांगलं चालतं असं त्याला सांगितलं. घराघरांतल्या कितीतरी चांगल्या निर्णयांसारखा हाही निर्णय स्वयंपाकघरात झाला, म्हणायला हरकत नाही.

फोरमनने जाहिरातीचे ठरावीक पैसे घेऊन विषय संपवला नाही. त्याने नफ्यातला घसघशीत वाटा घेतला. जॉर्ज फोरमन ग्रिल जगभर गेलं, दहा कोटींहून जास्त विकलं गेलं. १९९९ मध्ये साल्टन कंपनीने त्याचं नाव वापरण्याचे हक्क रोख आणि शेअर मिळून १३ कोटी ७५ लाख डॉलरना घेतले. त्या काळच्या दराने हे जवळपास ६०० कोटी रुपये होतात.

आता तो आठ्या घातलेला तरुण फोरमन आठवा. त्याच्या हातून कुणी स्वयंपाकघरातलं यंत्र विकत घेतलं असतं का? पहिली संपत्ती त्याच्या ठोशांनी आणली होती. दुसरी आणली ती लोकांच्या विश्वासाने. तो विश्वास त्याने पैशाचा विचारही नसताना, चर्चमध्ये आणि युवा केंद्रात, हळूहळू कमावला होता. पैसे गेले त्या दहा वर्षांतच त्याचं खरं भांडवल तयार होत होतं.

नशीबही होतंच. ते यंत्र दुसऱ्या कुणाकडे गेलं असतं तर? भगवान दादांच्या दारात असं यंत्र कधी आलं नाही.

आपल्या घरासाठी काय घ्यायचं?

इथे व्हाइटफील्डमध्ये आयटी पार्कांच्या आसपास राहणाऱ्या मराठी मुलामुलींचं आयुष्य पाहा. पहिली नोकरी, हातात चांगला पगार, आणि लगेच फोनचा हप्ता, गाडीचा हप्ता, फ्लॅटचा हप्ता. पगार कायम वाढतच राहणार असं आपण धरून चालतो. फोरमननेही तसंच धरलं होतं. बॉक्सरचे हातपाय थकतात, तसं कंपन्यांचे प्रोजेक्टही संपतात. म्हणून हातात पैसा असतानाच काही महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून ठेवलेला बरा.

दुसरं म्हणजे, आपला पैसा कुठे गुंतवला आहे हे स्वतः समजून घ्या. ‘तो बघतो सगळं’ म्हणून कागदांवर डोळे झाकून सह्या करू नका. घरातल्या किमान दोघांना सगळे व्यवहार माहीत असू द्या.

आणि तिसरं, काम गेलं किंवा धंदा बसला तर तो काळ फक्त तोट्याचा समजू नका. त्या दिवसांत तुम्ही लोकांशी कसे वागता, काय शिकता, कुणाच्या उपयोगी पडता, हेही कुठेतरी जमा होत असतं. ते परत मिळेलच याची खात्री नाही, पण संधी दारात आली तर तेच कामाला येतं.

२१ मार्च २०२५ रोजी ह्यूस्टनमध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी जॉर्ज फोरमनचं निधन झालं. मागे मोठं कुटुंब आहे. पाच मुलगे आहेत आणि पाचही जणांचं नाव जॉर्ज! जगभरच्या बातम्यांमध्ये किन्शासातला पराभव होता, लास वेगासमधला विजय होता, आणि स्वयंपाकघरातलं ते छोटं ग्रिलसुद्धा होतं.