दोनशेची ट्यूब की हजारोंचा लेसर?

स्त्रियांच्या अशा नाजूक दुखण्याविषयी व्यापाराच्या पानावर का लिहिता, असे काही वाचक विचारतील. त्याचे कारण असे की, ज्या दुखण्याविषयी बाई घरातही तोंड उघडत नाही, त्याच्या इलाजात ती भाव विचारीत नाही आणि दुसऱ्या दुकानी चौकशीही करीत नाही. अशा गिऱ्हाइकाला महागडा माल खपविणे सर्वांत सोपे असते.

लायकेन स्क्लेरोसस हा योनीच्या बाहेरच्या त्वचेचा जुनाट आजार आहे. त्वचा पांढरी व पातळ पडते, रात्री असह्य खाज सुटते, चिरा पडतात. इलाज झाला नाही तर त्वचेच्या घड्या एकमेकींना चिकटतात व मार्ग अरुंद होतो. पाळी गेलेल्या स्त्रियांत तो जास्त आढळतो, लहान मुलींनाही होतो. तो संसर्गाचा नाही आणि अस्वच्छतेनेही होत नाही. पुष्कळदा तो बुरशीची खाज समजला जातो व वर्षे वाया जातात. दुर्लक्ष केल्यास शंभरांतील काही स्त्रियांना त्याच जागी कर्करोग होतो. म्हणून हा प्रश्न केवळ खाजेचा नाही.

जुने मलम

या आजारावर पहिला इलाज म्हणून जगभर मानले गेलेले औषध म्हणजे क्लोबेटासोल प्रोपिओनेट ०.०५ टक्के हे तीव्र स्टेरॉइड मलम. ब्रिटनमधील प्रचलित पद्धतीत ते पहिला महिना रोज एकदा, दुसरा महिना दिवसाआड व तिसरा महिना आठवड्यातून दोनदा लावतात. ३० ग्रॅमची एक ट्यूब तीन महिने पुरते. आपल्याकडे अशी ट्यूब साधारण दोनशे रुपयांच्या आत मिळते.

सिडनी येथील डॉक्टरांनी ५०७ स्त्रियांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. सांगितल्याप्रमाणे मलम चालू ठेवणाऱ्या ३५७ जणींपैकी एकीलाही कर्करोग वा त्याची पूर्वअवस्था झाली नाही. अधूनमधून लावणाऱ्या १५० जणींपैकी मात्र सात जणींना झाली.

नवे यंत्र

कार्बन डायऑक्साइड लेसर त्वचेवर अतिसूक्ष्म छिद्रे पाडतो व त्यातून नवी त्वचा यावी अशी कल्पना आहे. २०२१ साली एकाच अमेरिकन वैद्यकीय मासिकाच्या एकाच अंकात याविषयी दोन चाचण्या छापून आल्या. पहिलीत ५२ स्त्रियांमध्ये लेसरची तुलना क्लोबेटासोलशी झाली. सहा महिन्यांनी लेसरवाल्या स्त्रियांना जास्त आराम वाटला. मात्र हा फरक पूर्वी मलम वापरलेल्या स्त्रियांतच दिसला. शिवाय आपल्याला कोणता इलाज मिळतो आहे, हे सर्वांना ठाऊक होते. दुसऱ्या चाचणीत काहींना खरा लेसर दिला, तर काहींवर यंत्र नुसते फिरविले. त्वचेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. लेसर हा एकट्याने पुरेसा इलाज नाही, असे त्या डॉक्टरांनी लिहिले.

अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने जुलै २०१८ मध्ये योनीच्या ‘नवतारुण्या’च्या नावाने लेसर विकणाऱ्यांना जाहीर ताकीद दिली होती. भाजणे, व्रण व कायमचे दुखणे अशा तक्रारी त्या खात्याकडे आल्या होत्या. या विषयातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनीही २०१९ साली, लायकेन स्क्लेरोससवर लेसर हा नेहमीचा इलाज म्हणून वापरू नये, असे मत दिले.

हिशेब कोणाचा?

आता धंद्याचे गणित पाहू. क्लोबेटासोलचे पेटंट केव्हाच संपले. अनेक कंपन्या ते बनवितात व एका ट्यूबमागे नफा चिमूटभर असतो. त्यामुळे त्याची जाहिरात करण्यास कोणी पैसा घालीत नाही. लेसरचे यंत्र लाखो रुपयांचे. ते घेणाऱ्या दवाखान्याला कर्जाचे हप्ते असतात व यंत्र रोज चालले तरच ते फिटतात. प्रत्येक डॉक्टर लबाड आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याने यंत्र घेतले आहे, त्याला ते सुचणारच, हा बाजाराचा साधा नियम आहे.

मलमाला आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे गोरे होण्यासाठी व गजकर्णासाठी स्टेरॉइड मलमांचा बेसुमार गैरवापर झाला. म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. ती योग्यच होती. पण ‘स्टेरॉइड’ शब्दाची भीती बसली. त्यातच पाकिटातील कागदावर ‘गुप्तांगावर लावू नये’ असे वाचून कित्येक भगिनी आठवड्यातच मलम बंद करतात. डॉक्टरने हा आजार ओळखून, प्रमाण ठरवून दिलेले मलम ही वेगळी गोष्ट आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. दुकानातून खाजेची मिश्र मलमे परस्पर आणू नका. स्त्रीरोग वा त्वचारोग तज्ज्ञाला, शक्य तर स्त्री डॉक्टरला, जागा दाखवा. लेसर सुचविला गेला तर तीन प्रश्न विचारा: मलम नियमाने तीन महिने वापरून पाहिले का? लेसरचे किती खेप घ्यावे लागतील व एकूण खर्च किती? त्यानंतर मलम बंद होईल की चालूच राहील? आराम पडला तरी मलमाचा कमी केलेला डोस व वर्षातून एकदा तपासणी चालू ठेवा. आणि घरातील पुरुषांनी बायकोला, आईला ही ट्यूब आणून देण्यात लाज मानू नये.