टीम हरतेय म्हणजे कोचच चुकला? बेसबॉलच्या डेटातून समजून घेऊया

आवडती टीम सलग हरायला लागली की आपण सगळ्यात आधी काय म्हणतो? "कोच बदला!" क्रिकेट असो की फुटबॉल, हे वाक्य ठरलेलंच. २०२३ च्या जुलैमध्ये मीही हेच म्हणत होतो. खेळ होता बेसबॉल आणि टीम होती न्यूयॉर्क यँकीज. कोचला खरंच काढलं, आणि मी खूश झालो. पुढच्या महिन्यात एक बातमी वाचली आणि माझा आनंद उतरला. ती बातमी काय होती ते पुढे येईलच. त्याआधी कोचचा परिणाम डेटातून कसा ओळखायचा, ते सोप्या भाषेत पाहूया.

मला बेसबॉलचा नाद लावला माझ्या चुलत भावाने. दादा न्यू जर्सीला राहतो आणि पक्का यँकीजवाला आहे. उन्हाळ्यात तिकडे संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी मॅच सुरू होते, तेव्हा नाशिकमध्ये पहाटेचे ४ वाजून ३५ मिनिटं झालेली असतात. अलार्म लावून मी फोनवर स्कोअर बघायचो आणि मग दादाशी व्हिडिओ कॉलवर भांडायचो.

आधी दोन मिनिटांत बेसबॉल

पिचर बॉल टाकतो, बॅटर मारतो. बॉल मारून बॅटर सुखरूप बेसवर पोहोचला की झाला हिट. हिट्सच्या संख्येला बॅटिंगच्या संधींनी भागलं की बॅटिंग अ‍ॅव्हरेज मिळतं. समजा १०० संधींमध्ये २५ हिट्स मिळाले, तर अ‍ॅव्हरेज ०.२५०. म्हणजे चारातल्या तीन वेळा फेल होणारा बॅटरही इथे ठीकठाक मानला जातो! कारणही तसंच आहे. ताशी ९५ मैलांनी, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटरच्या वेगाने आलेला बॉल बॅटरपर्यंत पोहोचायला साधारण ०.४ सेकंद लागतात. तेवढ्यात मारायचं की सोडायचं हे ठरवून बॅटही फिरवायची असते.

बॅटर्सची तयारी करून घेण्यासाठी प्रत्येक टीमकडे वेगळा हिटिंग कोच असतो. आपल्याकडच्या बॅटिंग कोचसारखाच.

२०२३ मध्ये नेमकं काय झालं?

यँकीजचा हिटिंग कोच होता डिलन लॉसन. तो स्वतः व्यावसायिक बेसबॉल खेळलेला नव्हता. डेटा आणि आधुनिक ट्रेनिंगच्या जोरावर तो वर आला होता. त्याची शिकवण थोडक्यात अशी: चांगला बॉल निवडा आणि तो जोरात मारा.

त्या वर्षी टीमची बॅटिंग कोसळली. ९ जुलै २०२३ ला लॉसनला काढण्यात आलं. जनरल मॅनेजर ब्रायन कॅशमन १९९८ पासून त्या पदावर आहेत, आणि सीझन चालू असताना कोचला काढण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. लॉसनच्या जागी आला शॉन केसी. मोठ्या लीगमध्ये १२ सीझन खेळलेला, तीन वेळा ऑल-स्टार झालेला आणि करिअर अ‍ॅव्हरेज ०.३०२ असलेला माजी खेळाडू.

फॅन्समध्ये सरळ दोन गट पडले. एक म्हणत होता, "लॅपटॉपवाल्याने खेळाडूंची डोकी आकड्यांनी भरली, आता खेळलेला माणूस आलाय." दुसरा म्हणत होता, "मैदानात बॅट घेऊन कोच उतरतो का?" दादा दुसऱ्या गटात होता आणि मी पहिल्या.

आता निकाल बघा. लॉसनला काढलं तेव्हा टीम ४९ जिंकून ४२ हरली होती. त्यानंतर ३३ जिंकली आणि ३८ हरली. पूर्ण सीझनचं बॅटिंग अ‍ॅव्हरेज ०.२२७ राहिलं, तर संपूर्ण लीगचं होतं ०.२४८. ३० टीम्समध्ये यँकीजच्या खाली फक्त ओकलंड. कोच बदलला, पण निकाल काही सुधारला नाही.

फोनवर कॉइन टॉस करून बघा

एक प्रयोग करा. गुगलवर कॉइन टॉस शोधा, किंवा खिशातलं नाणं घ्या. दोन वेळा उडवा. दोन्ही वेळा छापा आला तर हिट, नाहीतर आउट. याची शक्यता बरोबर २५ टक्के, म्हणजे तुमचं नाणं झालं ०.२५० चा बॅटर. असं ४० वेळा करा. बेसबॉलमध्ये ४० संधी म्हणजे साधारण दहा-बारा दिवसांचा खेळ.

मी हे पाच वेळा केलं. हिट्स आले १०, ६, १३, ९ आणि १२. म्हणजे त्याच नाण्याचं अ‍ॅव्हरेज एकदा ०.१५० आणि एकदा ०.३२५! नाण्याला ना कोच होता, ना टेन्शन. तरी मधला भाग पाहून कोणीही म्हणालं असतं, "याचा फॉर्म गेला, कोच बदला."

शिकायचं काय? दहा-बारा दिवसांच्या आकड्यांवरून एका खेळाडूबद्दल फारसं काही सांगता येत नाही. पण थांबा, याचा अर्थ सगळंच नशीब असाही नाही. पूर्ण टीमला सीझनभरात ५ हजारांहून जास्त संधी मिळतात. एवढ्या संधींनंतर ०.२२७ आणि ०.२४८ मधला फरक फक्त नशिबाचा नसतो. यँकीजचं काहीतरी नक्कीच बिघडलं होतं. प्रश्न एवढाच, की ते कोचमुळे बिघडलं होतं का?

रिग्रेशन टू द मीन म्हणजे काय?

केसी आल्यावर डीजे लमेह्यू या अनुभवी बॅटरचा खेळ सुधारला. मी लगेच दादाला फोन केला, "बघ, केसीची जादू!"

दादा शांतपणे म्हणाला, "अरे, हा माणूस २०१६ मध्ये नॅशनल लीगमध्ये आणि २०२० मध्ये अमेरिकन लीगमध्ये बॅटिंगमध्ये पहिला आलेला आहे. तो इतका खाली कायम राहिला असता का?"

मुद्दा बरोबर होता. कोणतीही गोष्ट नेहमीपेक्षा खूप खाली गेली की पुढच्या वेळी ती बहुतेक करून आपल्या सरासरीकडे परत येते. यालाच म्हणतात रिग्रेशन टू द मीन, म्हणजे सरासरीकडे परतणं. आणि गंमत अशी, की कोचला कधी काढतात? टीम अगदी तळाला असते तेव्हाच. त्यामुळे त्यानंतर जी थोडीफार सुधारणा आपोआप झाली असती, तिचं श्रेय नव्या कोचच्या खात्यात जमा होतं. केसीने लमेह्यूला मदत केली नाही असं मी म्हणत नाही. पण मदत किती आणि आपोआप किती, हे नुसत्या अ‍ॅव्हरेजवरून वेगळं काढता येत नाही.

हे आपल्या घरातही घडतं. बारावीला एका टेस्टमध्ये मार्क कमी पडले म्हणून क्लास बदलला, पुढच्या टेस्टमध्ये मार्क वाढले, की सगळे म्हणतात, "क्लास भारी आहे!" कदाचित असेलही. कदाचित त्या दिवशी फक्त ताप होता.

स्टॅटकास्ट इथे काय मदत करतं?

क्रिकेटमध्ये डीआरएस घेतल्यावर बॉलचा जो मार्ग दिसतो, तो हॉक-आय कॅमेऱ्यांमुळे हे तुम्हाला माहीत असेल. मेजर लीग बेसबॉलची स्टॅटकास्ट ही सिस्टीम २०२० पासून याच हॉक-आयवर चालते. त्यासाठी प्रत्येक स्टेडियममध्ये १२ कॅमेरे लावले. प्रत्येक बॉल मोजला जातो आणि त्यातली बरीच माहिती बेसबॉल सव्हांट या वेबसाइटवर फुकट बघता येते. फोनच्या ब्राउझरवरही ती चालते. तिथे या गोष्टी शोधा:

- एक्झिट व्हेलॉसिटी: बॅटला लागल्यावर बॉल किती वेगाने गेला. ताशी ९५ मैल किंवा जास्त असेल तर त्याला हार्ड हिट म्हणतात.
- लाँच अँगल: बॉल किती अंशात उडाला. खूप कमी असेल तर जमिनीवर, खूप जास्त असेल तर उंच जाऊन सोपा कॅच.
- एक्सपेक्टेड बॅटिंग अ‍ॅव्हरेज: असाच मारलेला बॉल एरवी किती वेळा हिट ठरतो, त्यावरून काढलेला अंदाज. खरं अ‍ॅव्हरेज यापेक्षा बरंच कमी असेल तर बॅटर चांगला मारतोय, पण नशीब साथ देत नाहीये.
- चेस रेट: स्ट्राइक झोनच्या बाहेरच्या, सोडून द्यायला हव्या अशा बॉलवर बॅटर किती वेळा बॅट फिरवतो.

एक टीप: खेळाडूच्या पेजवर लाल पट्टी म्हणजे उत्तम आणि निळी म्हणजे कमजोर. मी सुरुवातीला उलटं समजून दादाकडून हसं करून घेतलं होतं.

कोचचा हात शोधायचा असेल तर चेस रेटसारख्या आकड्यांपासून सुरुवात करणं मला योग्य वाटतं. कुठला बॉल सोडायचा, समोरच्या पिचरचा अभ्यास कसा करायचा, बॅट कशी फिरवायची, यावर कोच रोज काम करू शकतो. मारलेला बॉल थेट फील्डरच्या हातात जातो की दोन फूट बाजूने, हे कोचच्या हातात नसतं.

आता ती बातमी

त्या जुलैमध्ये माझा सगळ्यात जास्त राग होता अँथनी रिझोवर. मे महिन्याच्या शेवटापर्यंत तो जबरदस्त खेळत होता: अ‍ॅव्हरेज ०.३०४ आणि ११ होम रन्स. मग अचानक ढेपाळला. नंतरच्या ४६ मॅचेसमध्ये अ‍ॅव्हरेज ०.१७२ आणि होम रन फक्त १. मी दादाला ठामपणे सांगितलं होतं, "लॉसनने याची बॅटिंग बिघडवली. हाच पुरावा!"

ऑगस्टच्या सुरुवातीला बातमी आली. २८ मे ला सान दिएगोविरुद्धच्या मॅचमध्ये रिझोची फर्नांडो टाटिस ज्युनिअरशी टक्कर झाली होती. त्यात त्याच्या डोक्याला मार बसला होता. तेव्हाच्या तपासणीत तो पास झाला, म्हणून खेळत राहिला. दोन महिन्यांनी केलेल्या चाचण्यांमध्ये त्याची प्रतिक्रिया देण्याची गती मंदावल्याचं दिसलं. कंकशनचा, म्हणजे मेंदूला बसलेल्या धक्क्याचा तो परिणाम होता. त्यानंतर त्या सीझनमध्ये तो खेळलाच नाही.

०.४ सेकंदांत निर्णय घ्यायचा खेळ, आणि हा माणूस दोन महिने धूसर डोक्याने उभा राहत होता. दादाने मला "बघ" वगैरे काही म्हटलं नाही. तो फक्त म्हणाला, "आपण किती बोललो रे त्याला." मला त्यावर काही सुचलं नाही.

कॅमेऱ्यांनी रिझोची घसरण अचूक मोजली होती. तारीखसुद्धा त्यातच होती, २८ मे. पण "का?" हा प्रश्न विचारायच्या ऐवजी मी कोचचं नाव आधीच भरून टाकलं होतं. डेटा काय घडलं ते सांगतो. का घडलं, त्यासाठी माणसाकडे जाऊन विचारावं लागतं.

तीन वर्षं, तीन सीझन

शेवटी ही तुलना बघा. यँकीजने १६२ मॅचेसमध्ये केलेले रन्स आणि टीमचा सगळ्यात मोठा बॅटर अ‍ॅरन जज किती मॅचेस खेळला, ते असं:

- २०२२: ८०७ रन्स, जज १५७ मॅचेस. कोच लॉसन.
- २०२३: ६७३ रन्स, जज १०६ मॅचेस. कोच आधी लॉसन, मग केसी.
- २०२४: ८१५ रन्स, जज १५८ मॅचेस. कोच जेम्स राउसन.

२०२२ मध्ये जजने ६२ होम रन्स मारून अमेरिकन लीगचा विक्रम केला, तेव्हाही कोच लॉसनच होता! ३ जून २०२३ ला लॉस एंजेलिसमध्ये कॅच घेताना जज कुंपणावर आदळला आणि त्याच्या पायाच्या अंगठ्याला दुखापत झाली. लॉसनला काढलं तेव्हा जज मैदानाबाहेर होता. २०२४ मध्ये जज तर परतलाच, शिवाय हुआन सोटोसारखा स्टार टीममध्ये आला आणि त्याने ४१ होम रन्स मारले. १३४ रन्सची घसरण एकट्या जजमुळे झाली असं नाही. पण कोचचं नाव घेण्याआधी हे सगळं टेबलावर ठेवायला हवं.

पुढच्या वेळी "कोच बदला" म्हणण्याआधी

१. आकडे किती दिवसांचे आहेत? दहा-बारा दिवसांचे असतील तर नाणं आठवा.
२. हाच कोच असताना आधी काय झालं होतं?
३. कोण जखमी आहे, कोण टीम सोडून गेलं, कोण नवीन आलं?
४. सुधारणा कोचमुळे झाली, की ती तशीही झालीच असती?
५. घसरण नेमकी कोणत्या तारखेला सुरू झाली, आणि त्या दिवशी काय घडलं होतं?

पाचवा प्रश्न मी २०२३ मध्ये विचारला असता तर उत्तर माझ्या फोनवरच होतं. आता आयपीएल बघतानाही मी ही यादी वापरतो. कोच चुकतच नाहीत असं नाही, काही वेळा बदल करावाच लागतो. पण एखाद्याच्या नोकरीवर बोट ठेवताना पाच मिनिटं शोधाशोध करायला आपल्याला काय लागतं? डेटा पॅकच ना!

तुमच्या आवडत्या टीमवर ही यादी लावून बघा आणि काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या लेखात!