आधी खर्च करा, मग मागा!

परदेशातील परिषदेत शोधनिबंध स्वीकारला गेला, की आमच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची झोप उडते ती तिकिटाच्या चिंतेने! अनुदान आहे; पण बहुतेक ठिकाणी नियम असा, की आधी खिशातून खर्च करा, परतल्यावर बोर्डिंग पास आणि पावत्या जोडा, मग प्रतिपूर्ती. ज्याचा बाप ऊसतोडीला जातो, ज्याची फेलोशिप महिनोन्महिने रखडते, त्याने लाखभर रुपये कुठून आणायचे? नियम सर्वांना सारखाच दिसतो. तो गाळतो नेमके कोणाला, हे आम्हाला पुरते ठाऊक आहे.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. तिथवर ते पोहोचले सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड. १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठताना नवल भथेनांकडून पाच हजारांचे कर्ज घ्यावे लागले. पैसा आधी हातात आला, म्हणून बोट गाठता आली.

सरकारी कर्मचाऱ्याला दौऱ्याआधी अग्रिम रक्कम मिळते. मग संशोधकाला का नको? आमच्या मुलांनी अर्जातच ती मागावी. स्वीकृतीपत्र हाती येताच, तिकीट, व्हिसा, नोंदणी शुल्क, मुक्काम यांचे वेगवेगळे आकडे मांडून, मार्गदर्शकाच्या शिफारशीसह. आयोजकांकडे शुल्कमाफीही मागावी. अनेक परिषदांत ती असते, संकोचापायी आपली मुले विचारतच नाहीत. आणि नकार आला तर तो लेखी घ्यावा. तोंडी 'बघू'चे पुढे काही होत नाही. लेखी नकार विद्यापीठाच्या अनुसूचित जाती-जमाती कक्षापुढे ठेवता येतो.