दाढ काढली, पण जीभ जागी झाली नाही

गेल्या वर्षी रमजानच्या तीन आठवडे आधी माझ्या थोरल्या बहिणीची, आमच्या आपाची, उजवीकडची खालची अक्कलदाढ काढली. दाढ हिरडीत आडवी अडकली होती आणि सारखी सुजत होती. काम पाऊण तासात आटोपले. "भूल तीन-चार तासांत उतरेल," असे डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी ओठ जागा झाला, गाल जागा झाला. जिभेची उजवी बाजू मात्र जागी झालीच नाही.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना ती म्हणाली, "अम्मी, अर्धी जीभ माझी नाहीच असं वाटतंय." आम्ही हसलो. पण आठवडा गेला तरी तसेच. सालनात मीठ दोनदा पडू लागले. पाणीसुद्धा तिला तांब्यासारखे लागे. एकदा गरम चहाने जीभ पोळली, तेही तिला रात्री आरशात पाहिल्यावर कळले. पुन्हा दवाखान्यात गेलो. एक्स-रे स्वच्छ होता, जखम भरत होती. "सगळं ठीक आहे, येईल हळूहळू," एवढेच उत्तर मिळाले.

मग घरात सल्ले सुरू झाले. कुणी म्हणाले नजर लागली, कुणी म्हणाले नुसता वहम आहे. खालाने जिभेवर लवंगाचे तेल लावायला सांगितले. दुल्हाभाई म्हणाले, "सब्र कर." आपाने त्याबद्दल बोलणेच सोडून दिले. आठ माणसांचा स्वयंपाक एकहाती करणारी बाई चुलीपुढे उभी राहायला घाबरू लागली.

एक दिवस ती मला म्हणाली, "दुखत असतं तर तुम्ही विश्वास ठेवला असता."

ते वाक्य मला लागले. पाचव्या आठवड्यात आम्ही तिला एका दंत महाविद्यालयातील मुखशल्यचिकित्सकांकडे घेऊन गेलो. त्यांनी तिचे डोळे मिटायला लावले आणि जिभेला दोन्ही बाजूंनी आधी कापूस, मग सुईचे टोक अलगद लावून पाहिले. नंतर आम्हाला समजावले.

खालच्या अक्कलदाढेच्या अगदी जवळून दोन नसा जातात. एक जबड्याच्या हाडातून पुढे येते आणि खालचा ओठ, हनुवटी व दात यांची जाणीव मेंदूकडे नेते. दुसरी आतल्या बाजूने जिभेकडे जाते. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागातला स्पर्श ही नस सांभाळते आणि चवीचे तंतूही तिच्याच सोबत जातात. म्हणून ती दुखावली की जीभ बधिर होते आणि चवही बिघडते. दाढ काढताना नस ताणली जाऊ शकते, दाबली जाऊ शकते. क्वचित भुलीच्या सुईनेही इजा होते. एक्स-रेमध्ये हाड आणि दात दिसतात, नस दिसत नाही. त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आहे म्हणजे तक्रार खोटी आहे, असे होत नाही.

नसेच्या इजांचे तीन प्रकार ब्रिटिश शल्यचिकित्सक हर्बर्ट सेडन यांनी 1943 साली मांडले. नस नुसती दबली असेल तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत जाणीव परतते. आतले तंतू तुटले, पण वरचे आवरण शाबूत असेल, तर तंतू साधारण दिवसाला 1 मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात. त्याला महिने लागतात. नस पूर्ण कापली गेली असेल तर नुसत्या वाट पाहण्याने ती नीट जुळून येण्याची आशा कमी असते. शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. बहुतेकांना आराम पडतो. तीन महिन्यांत काहीच फरक नसेल, तर मात्र तज्ज्ञांकडे जायलाच हवे, कारण उशीर झाला की शस्त्रक्रियेचा फायदा कमी होत जातो. पूर्ण बधिरपणा असेल तर तीन महिने थांबूही नये. आणि रूट कॅनाल किंवा इम्प्लांटनंतर भूल उतरली नाही, तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. औषध किंवा स्क्रू नसेवर दाबत असेल, तर तिथे तासांना किंमत असते.

आपाला त्यांनी एक वही करायला सांगितली. दर पंधरा दिवसांनी आरशासमोर बसून कापसाच्या काडीने जीभ तपासायची, बधिर भाग कुठून कुठवर आहे त्याचे चित्र काढायचे, तारीख घालायची. ओठ किंवा हनुवटी बधिर असेल तर पेनाने कडा आखून फोटो काढला तरी चालतो. डॉक्टरांपुढे "बरं नाही" म्हणण्यापेक्षा हे चित्र जास्त बोलते.

घरातही काही गोष्टी बदलल्या. चहा आधी मनगटावर थेंब टाकून पाहायचा. घास डाव्या बाजूने चावायचा, जेवताना बोलायचे नाही. जेवणानंतर आरशात पाहायचे, कुठे चावले तर नाही ना. लवंगाचे तेल बंद केले, कारण बधिर जागेवर ते पोळले तरी कळत नाही.

स्वयंपाकाचा प्रश्न अम्मीने सोडवला. "बेटी, रोज्यात आपण चाखून पाहतो का? नाकाने आणि हाताच्या मापानेच करतो ना?" खरेच होते. तीस दिवस आपाने न चाखता इफ्तारी केली, मसाला परतल्याचा वास ओळखून, मीठ चमच्याने मोजून. त्या महिन्यात घरातल्या सगळ्याच बायका तिच्यासारख्या होत्या. ईदच्या शीरखुर्म्यात साखर किती, हे मात्र तिने धाकट्या मुलीला विचारले, आणि विचारताना तिला लाज वाटली नाही.

नवव्या आठवड्यात जिभेला मुंग्या येऊ लागल्या. ती घाबरली, पण नस जागी होताना असे होऊ शकते, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. मुंग्यांऐवजी जळजळ किंवा वीज चमकल्यासारख्या कळा आल्या, तर त्यावर वेगळी औषधे असतात. साध्या वेदनाशामकाचा तिथे फारसा उपयोग होत नाही. वहीतला बधिर भाग हळूहळू लहान होत गेला. आज कडेला एक छोटा ठिपका उरला आहे. तो कदाचित राहील. आपा म्हणते, "त्याची सवय झाली."

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. अशी तपासणी तिथे होऊ शकते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. दातांचे काहीही काम न करता अचानक चेहरा बधिर झाला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा हात-पाय लुळा पडला, तर दंतवैद्य शोधत बसू नका; थेट मोठे रुग्णालय गाठा.

सब्र करावाच लागतो. पण सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे आणि दुसऱ्याला गप्प बसवणे तर नव्हेच. उपचार करायचे, तारखा लिहायच्या आणि मग वाट पाहायची. आपाची जीभ जागी व्हायला कित्येक महिने लागले. तिच्यावर विश्वास ठेवायला आम्हाला पाच आठवडे लागले. ते मात्र एका दिवसात व्हायला हवे होते.