ट्रेलरची मजल

‘मजल’ हा मराठीतील जुना शब्द आहे. ओझे लादलेल्या जनावरांनी दिवसभर चालावे आणि संध्याकाळी पाणी, वैरण व निवारा मिळेल अशा ठिकाणी टेकावे, एवढ्या अंतरास मजल म्हणत. छत्तीसगडातील धान्य घेऊन लमाणांचे तांडे नागपूरकडे येत, तेव्हा मजल ठरविण्याचे काम तांड्याच्या नायकाकडे असे. बैल किती कोस चालतील, या प्रश्नाच्या आधी तो पुढचे पाणी कोठे आहे हे विचारी. आज त्याच दिशेने बैलांऐवजी पोलाद लादलेले ट्रेलर येतात. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला या धंद्यातील माणसे ‘घोडा’ म्हणतात. नाव तेवढे जनावराचे राहिले आहे. नायकाचा प्रश्न मात्र पुष्कळदा विचारलाच जात नाही.

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्याच्या आधाराने भोवती जे उद्योग वाढले, त्यांपैकी अवजड कामे करणाऱ्यांची एक मोठी वसाहत हथखोज येथे आहे. जाड पत्रे, लोखंडी कोन, तुळया आणि जोडून तयार केलेले सांगाडे घेऊन ट्रेलर पश्चिमेकडे निघतात, ते ज्या रस्त्याला लागतात त्यास दुर्ग-भिलाईचे लोक आजही जी. ई. रोड, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड म्हणतात. हा पूर्वीचा सहा क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. हल्ली त्याचा क्रमांक ५३ आहे. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती, म्हणून या वाटेचा राबता तसा जुनाच.

हथखोजहून नागपूर सुमारे २६५ किलोमीटर. तेथून समृद्धी महामार्गाने पुढे गेल्यास आणखी ७०१ किलोमीटरांनी भिवंडीजवळचे आमणे येते, आणि कळंबोलीचा पोलाद बाजार गाठेपर्यंत एकूण अंतर हजार किलोमीटरांच्या थोडे वर जाते. २०१८ साली केंद्र शासनाने अक्षभाराच्या मर्यादा वाढविल्या, तेव्हा अशा जोडगाडीच्या मालासह एकूण वजनाची कमाल मर्यादा ४९ टनांवरून ५५ टनांवर गेली. एवढे वजन ओढणारा घोडा सपाट रस्त्यावर एका लिटर डिझेलमध्ये तीन किलोमीटरांच्या आसपास जातो. टाकी चारशे लिटरांची धरली, तर हजार किलोमीटरांस ३३५ लिटर लागून टाकीचा सहावा भाग शिल्लक उरेल. उलटा वारा, चढ किंवा शहराबाहेरची कोंडी यांमुळे हेच प्रमाण अडीच किलोमीटरांवर आले, तर मात्र टाकी नेमकी कळंबोलीच्या दारात कोरडी पडेल. तसे होऊ देण्यात शहाणपण नाही. डिझेल इंजिनाच्या नळीत एकदा हवा शिरली की केवळ तेल ओतून ते चालू होत नाही. नळीतील हवा काढावी लागते, आणि तळाचा गाळ गाळणीत जातो तो वेगळाच. यास्तव टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नये, हा जाणत्यांचा दंडक आहे. तो पाळूनही भिलाई ते मुंबई या वाटेवर तेलासाठी एकदाच थांबले तरी भागते. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांना डिझेलखेरीज युरियाचे द्रावण लागते. त्याची टाकी लहान असते; परंतु डिझेल भरताना तीही पाहून घेतली, तर त्यासाठी वेगळे थांबावे लागत नाही.

तेलापुरते पाहिले, तर गाडी हजार किलोमीटर जवळजवळ अखंड जाऊ शकते. चालवणारा माणूस जाऊ शकत नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाच्या कामाला दिवसास आठ तासांची मर्यादा घातली आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. पुढे तो कायदा २०२० च्या संहितेत समाविष्ट झाला. आठ तासांची मर्यादा कायम राहिली. टोलनाके, गावे आणि चहापाणी धरून भरलेल्या ट्रेलरची सरासरी ताशी चाळीस किलोमीटर मानली, तर दिवसाची मजल ३०० ते ३२० किलोमीटरांची होते. याहून अधिक अंतर कागदावर मांडणारा मनुष्य चालकाच्या झोपेतून ते अंतर काढतो, असे खुशाल समजावे.

हिशेबात एक जागा नेहमी सुटते. हथखोजला माल भरण्यासाठी गाडी सकाळी रांगेत लागते. पुढे सरकण्याची हाक केव्हा येईल याचा नेम नसल्याने चालकाला झोपता येत नाही. वजनकाट्यावरून गाडी बाहेर पडते तेव्हा अनेकदा दिवे लागलेले असतात. मालकाच्या वहीत प्रवास येथून सुरू होतो, चालकाचा दिवस मात्र बारा तासांपूर्वीच सुरू झालेला असतो. १९६१ च्या कायद्याने सुद्धा पंधरा मिनिटांहून कमी अशी नुसत्या हजेरीची वेळच कामाच्या तासांत धरली होती. त्याहून लांब खोळंबा त्यात बसत नव्हता. अशा चालकाने रात्रीच नागपूर गाठायचे ठरवले, की देवरी ते साकोली हा नागझिऱ्याच्या परिसरातील जंगलपट्टा तो पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान ओलांडतो. शरीराला झोप सर्वांत अनावर होते ती हीच वेळ, आणि जनावर रस्त्यावर येण्याचा संभवही येथे असतो. संध्याकाळी निघालेल्या गाडीची पहिली मजल राजनांदगावच्या आसपास, म्हणजे चाळीस-पन्नास किलोमीटरांवर संपवावी आणि पहाटे उजाडताना पुढे निघावे, हे त्यातल्या त्यात बरे. मालकाला हे अंतर हास्यास्पद वाटेल. परंतु दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वैनगंगेवरचे भंडारा मागे पडते आणि नागपूरही दिवसाउजेडी येते.

थांबावे कोठे, हा प्रश्न मोटारवाल्याला सुचणारही नाही इतका ट्रेलरला अवघड असतो. वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, ती आतून कापतात. अरुंद फाटकाच्या पंपात शिरलेली गाडी बाहेर काढताना तासभर मोडतो. यासाठी पंप आपल्या जाण्याच्या बाजूस, म्हणजे डावीकडे असावा, आत एका तोंडाने शिरून दुसऱ्याने निघता यावे आणि आवारात रात्रभर गाडी उभी करण्यास जागा असावी. तेल, जेवण, आंघोळ आणि झोप एकाच आवारात उरकली तर दिवसाचे दोन तास वाचतात. संध्याकाळी टाकी भरून ठेवावी की सकाळी, यावर मालकांत वाद आहे. भरलेल्या टाकीत दव धरत नाही, हे खरे. रात्री टाकीतून तेल चोरीस जाते, हेही तितकेच खरे. छत्तीसगड आणि महाराष्ट्र यांच्या करांत फरक असल्याने बाघनदीची सीमा ओलांडण्याआधी की नंतर भरावे, याचाही विचार होतो. त्यात गैर काही नाही. चारशे लिटर डिझेलचे वजन सुमारे एक तृतीयांश टन भरते आणि ५५ टनांत ते जाणवत नाही, तेव्हा स्वस्त ठिकाणी भरून घेणे योग्यच. मात्र लिटरमागे दीड-दोन रुपयांसाठी मुक्कामाची जागा तासभर पुढे ढकलणे हा महागाचा व्यवहार होय.

जागा न ठरविता निघालेला चालक शेवटी रस्त्याच्या कडेला गाडी लावतो. अंधारात उभा असलेला ट्रेलर, विशेषतः मागचे परावर्तक मळलेले असतील तर, मागून येणाऱ्यास भिंतीसारखा अचानक समोर येतो. समृद्धी महामार्गावर १५ ऑक्टोबर २०२३ रोजी वैजापूरजवळ एक छोटी प्रवासी गाडी मालमोटारीवर मागून आदळली आणि १२ जण मरण पावले. या महामार्गावर उतरण्याच्या जागा ठराविक अंतरानेच आहेत. रस्ता इतका सरळ आणि एकसुरी आहे की डोळा लागल्याचे चालकाला स्वतःला कळत नाही. नागपूर सोडतानाच दुसऱ्या मजलेचा मुक्काम मेहकर-सिंदखेडराजाच्या आसपास आणि तिसऱ्याचा इगतपुरीच्या अलीकडे असे ठरवून निघावे, आणि मध्ये एकदा तेलासाठी उतरायचे ते या दोहोंपैकी एका मुक्कामालाच.

वेग वाढवून मजल लांबविण्याचा मोह होतो. या रस्त्यावर जड वाहनांना ताशी ८० किलोमीटरांची मुभा आहे. परंतु वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठावरून ऐंशीवर गेलेल्या गाडीला तो जवळजवळ पावणेदोनपट भासतो, आणि ब्रेकला थोपवावी लागणारी गतिज शक्तीही तितक्याच पटीने वाढते. चढाचे गणित याहून कडक आहे. ५५ टनांची गाडी सपाटीवर लोळवत ठेवण्यास सुमारे साडेतीनशे किलोंचा जोर लागतो; शंभर मीटरांत अवघा एक मीटर चढ आला, की त्यात ५५० किलोंची भर पडते. डोळ्यांना न दिसणारा चढ तेलाच्या काट्याला दिसतो, तो यामुळे. वैशाखातील विदर्भाच्या उन्हात टायर तापण्याची धास्ती वेगळी. दुपारी बारा ते चार गाडी उभी करून पहाटे व संध्याकाळी मजल तोडणे त्या दिवसांत हिताचे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या जड मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांतील माणसे मात्र अजून त्याच उकाड्यात बसतात.

मालाबरोबरच्या इ-वे बिलाचीही एक मजल आहे. १ जानेवारी २०२१ पासून नेहमीच्या मालाला दर २०० किलोमीटरांस एक दिवस याप्रमाणे मुदत मिळते. कळंबोलीपर्यंतच्या प्रवासाला त्या मानाने पाच-सहा दिवस होतात, तेव्हा वर सांगितलेल्या चार-पाच मजला कायद्याच्या कागदात आरामात बसतात. हथखोजचे काही कारखाने अवाढव्य सांगाडे पाठवतात. ठरलेल्या मापाबाहेरच्या अशा मालाला दिवसास २० किलोमीटरच धरले जातात. तेथे प्रत्येक पूल आणि प्रत्येक वीजतार आधी पाहून ठेवावी लागते, आणि तो एक स्वतंत्रच विषय आहे.

शेवटची मजल लहान ठेवावी. इगतपुरीचा मुक्काम पहाटे सोडला, की बोगद्यातून उतरून आमणे लवकर येते. पुढे शहरालगतच्या भागांत जड वाहनांना ठराविक वेळी मज्जाव असतो, म्हणून त्या वेळा निघण्यापूर्वी विचारून घेतलेल्या बऱ्या. कळंबोलीत माल उतरण्यास पुन्हा अर्धा दिवस जातो. तोवर चालकाने झोपून घ्यावे, आणि परतीची खेप फोनवरून ठरविणाऱ्याने तो झोपला आहे हे हिशेबात धरूनच निघण्याची वेळ द्यावी.